कॅच कॅन: डबा सोपा, नळ्या अवघड

टर्बो डिझेल गाडीचा, दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणारा पाइप सोडवून आतून बोट फिरवलं, की बोट तेलानं माखून बाहेर येतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या पोटात गोळाच उठतो. हे तेल वाटेतच अडवायला जो डबा लावतात, तो कॅच कॅन. माझी गाडी दीड लिटरची डिझेल, लाखाच्या पुढे किलोमीटर झालेली. रोजचं येणंजाणं निगडी ते चाकण, आणि अधूनमधून ताम्हिणी उतरून माणगाव, मंडणगडमार्गे दापोली. सर्व्हिसिंगच्या वेळी पाइप काढला तेव्हा खालच्या वाकणात चांगलं दोन चमचे तेल साचलेलं होतं.

"मामा, टर्बो गेला का?"

आमचे मिस्त्री हसले. "टर्बो गेला असता ना दादा, तर सायलेन्सरनं निळा धूर काढून अख्ख्या आळीला सांगितलं असतं." तरी माझ्या समाधानासाठी त्यांनी टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा, पंखा बोटानं हलवून दाखवला. वरखाली जाणवेल न जाणवेल इतका खेळ होता, आतबाहेर अजिबात नव्हता. शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगत फिरतो, त्यामुळे वरखाली किंचित हलणं चालतं. आतबाहेर हलायला लागला, तर मात्र खर्चाची तयारी ठेवायची.

टर्बो शाबूत, तर तेल येतं कुठून? रिंगांपासून सुरुवात करावी लागते. पिस्टनची रिंग कधीच पूर्ण बंद नसते. तिच्या दोन टोकांत बारीक फट ठेवावीच लागते, नाहीतर गरम होऊन ती फुगली की सिलिंडरमध्ये अडकून बसेल. त्या फटीतून आणि कडेकडेनं दर स्फोटाला थोडा वायू निसटून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या पेटीत, उतरतो. गॅरेजमध्ये याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. नव्याकोऱ्या इंजिनातही ते असतं, झिजलेल्यात जास्त. खाली क्रँक तेल घुसळत असतो, वर गरम पिस्टनवर तेलाचे फवारे पडत असतात. त्या सगळ्यातून वाट काढताना हा वायू तेलाचे सूक्ष्म थेंब आणि पाण्याची वाफ सोबत घेतो. त्याला बाहेर पडायला वाट ठेवली नाही, तर दाब वाढून क्रँकचं ऑइल सील ढकललं जातं, डिपस्टिक उडते, पॅकिंगमधून तेल पाझरायला लागतं.

जुन्या गाड्यांत या वायूला सरळ एका नळीनं खाली रस्त्यावर सोडून देत. जुन्या फोटोंत रस्त्याच्या प्रत्येक लेनच्या मधोमध जो काळा पट्टा दिसतो, त्यात या नळ्यांचा मोठा वाटा. कॅलिफोर्नियातल्या धुरक्याचा अभ्यास सुरू झाल्यावर ही नळी नजरेत आली आणि १९६१ च्या मॉडेलांपासून तिथल्या नव्या गाड्यांत हा वायू परत इंजिनालाच प्यायला द्यायची सोय झाली. तीच पद्धत आज सगळीकडे आहे. पेट्रोल गाडीत थ्रॉटलमागची पोकळी तो ओढून घेते. डिझेलमध्ये तशी पोकळी नसते, म्हणून ही नळी एअर फिल्टरच्या पुढे आणि टर्बोच्या आधी जोडतात. टर्बो हवा ओढतो, सोबत हेही ओढतो.

पुढचं सगळं ओघानं येतं. टर्बोनं दाबलेली गरम हवा इंटरकूलरमध्ये थंड होते आणि तेल तिथे बसतं. जे सुटतं ते सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये पोचतं. तिथे ईजीआर व्हॉल्व्ह, जळलेला थोडा वायू परत इंजिनात फिरवणारा, सायलेन्सरकडची काजळी आणून सोडत असतो. तेल आणि काजळी एकत्र आली की डांबर तयार होतं. ईजीआर जास्त उघडतो तो हलक्या पायानं, रेंगाळत गाडी चालते तेव्हा. तळेगाव-चाकण रस्त्यावर संध्याकाळी सहाला गाडी दुसरी कशी चालणार? मामांनी एका टूरिस्ट गाडीचा उघडलेला मॅनिफोल्ड कोपऱ्यातून ओढून माझ्यासमोर ठेवला. चांगलं लिंबू जाईल एवढ्या भोकातून करंगळी जेमतेम जात होती. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडलं तर काळे खपले निघत होते, आणि आतला थर अजून ओला होता.

तो ओला थर पाहून मी डबा बसवायचं ठरवलं. काजळी माझ्या हातात नव्हती. ईजीआर बंद करून घेणारे पुष्कळ आहेत, पण ते प्रदूषणाच्या नियमात बसत नाही आणि मला ते पटतही नाही. तेल मात्र वाटेत अडवता येण्यासारखं होतं.

मामांची एक अट होती. आधी इंजिन तपासायचं. त्यांची पद्धत साधी आहे. गाडी गरम करायची, आयडलला ठेवायची, तेल ओतायचं झाकण आटे सोडवून उलटं करायचं आणि तोंडावर नुसतं ठेवायचं. झाकण जागेवर थरथरत राहिलं तर ठीक. नाचायला लागलं किंवा उडून पडलं, तर रिंगा किंवा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, झिजलेत. तसं असेल तर डबा लावणं म्हणजे तापावर नुसती थंड पट्टी. माझं झाकण थरथरलं, थोडी वाफ आली, पण जागेवरून हललं नाही. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये वरून तेल घालावं लागत नव्हतं, तीही जमेची बाजू. "बसव," मामा म्हणाले, "पण माझ्या गॅरेजमध्ये बसवायचा असेल तर डबा मी आधी उघडून बघणार."

कारणही तसंच होतं. ऑनलाइन मिळणारे निम्मे डबे आतून रिकामे असतात. निळं किंवा लाल चकचकीत अॅल्युमिनियम, वर दोन नळ्या, आत काहीही नाही. वायू एका तोंडानं आत येतो आणि दुसऱ्यानं तसाच निघून जातो. तळाला थोडं तेल जमतं, तेवढ्यावर मालक खूश. खरं काम सूक्ष्म थेंबांचं असतं. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपासचे, त्याहूनही लहान थेंब हवेसोबत आरामात वळतात. त्यांना पकडायचं तर आधी वेग कमी करावा लागतो, मग वायूला एकदम वळायला लावावं लागतं आणि टेकायला भरपूर पृष्ठभाग द्यावा लागतो. एकावर एक थेंब चिकटून मोठा झाला की तो आपल्या वजनानं खाली गळतो. म्हणून आत आडवी पडदी आणि स्टीलच्या तारेची जाळी हवी. काही जण रिकाम्या डब्यात भांडी घासायची तारेची घासणी कोंबतात. चालतं, पण तिचे तुकडे तुटून पुढे टर्बोच्या पंख्यावर गेले तर काय, याचा विचार कोणी करत नाही. घालायचीच तर वर बारीक जाळीचं बूच पक्कं बसवून घालावी.

मी घेतला तो डबा अर्ध्या लिटरच्या आसपासचा. आत पडदी आणि जाळी, तळाला निचऱ्याचा कॉक, बाजूला पातळी दाखवणारी काच. मामांनी उघडला, आत बोट घालून धातूचा चुरा राहिलाय का पाहिलं, डिझेलनं धुतला आणि मान हलवली. मग वरची तोंडं पाहून म्हणाले, "हे काय? ही तर कूलरच्या पंपाची नळी झाली."

मुद्दा बरोबर होता. हा वायू बाहेर नेणाऱ्या गाडीच्या मूळ ब्रीदर नळीचं आतलं भोक १९ मिलिमीटर, आणि डब्याच्या तोंडांचं १०. आकडे पाहून वाटतं अर्धं आहे, पण वाट मोजायची ती क्षेत्रफळानं. १० चा वर्ग १००, १९ चा वर्ग ३६१. म्हणजे पाव भागाहून थोडीच जास्त वाट उरते. ज्या वायूला मोकळं सोडण्यासाठी कंपनीनं एवढी जाड नळी दिली, त्याचा गळा आपणच आवळायचा.

भोसरी एमआयडीसीत ओळखीचा एक टर्नर आहे, त्याच्याकडे डबा घेऊन गेलो. त्यानं झाकण उलटंपालटं करून पाहिलं. "पाऊण इंची आटे पाडायला जाडीच नाहीये साहेब. दोन आटेसुद्धा बसायचे नाहीत." मग अॅल्युमिनियमच्या दांड्यातून दोन बॉस, म्हणजे जाड कड्या, कापले, झाकणाची भोकं मोठी केली, शेजारच्या शेडमध्ये टिग वेल्डिंगनं बॉस झाळून घेतले आणि लेथवर आतून पाऊण इंची बीएसपी आटे पाडले. नळी चढवायची निपलं त्यानं वेगळी बनवली. आतलं भोक १९ चं आणि नळी निसटू नये म्हणून बाहेरून एक उंचवटा. वेल्डिंगच्या उष्णतेनं झाकणाचा तळ किंचित वाकला होता, तो त्यानं न सांगता लेथवर फेस मारून सरळ केला. नाहीतर खालची ओ-रिंग बसली नसती. मजुरी डब्याच्या किमतीच्या जवळपास झाली. बाजारात मोठ्या तोंडाचे डबे मिळतात, मिळाले तर तेच घ्यावेत. मला मात्र ते काम होताना बघायला आवडलं.

यानंतर नळी. या कामात सगळ्यात जास्त लोक इथेच गंडतात, आणि दुकानदार त्यांना हातभार लावतात. रबर होजच्या दुकानात "१९ ची नळी द्या" म्हटलं की समोर येते ती हीटरची किंवा रेडिएटरची नळी. दिसायला जाड, आत दोऱ्याचं विणकाम, दाबली तर मजबूत. पण ती बहुधा ईपीडीएम रबराची असते. ईपीडीएमला गरम पाणी आणि कूलंट चालतं, खनिज तेल अजिबात चालत नाही. तेलात ते फुगतं, मऊ पडतं, आतून सुटायला लागतं. साधी सिलिकॉनची निळी नळी तर आणखी फसवी. ती उष्णतेला दणकट असते, पण तेल तिच्यातून हळूहळू पाझरून बाहेरून घाम फुटल्यासारखी चिकट होते, वर धूळ बसते. सिलिकॉनच हवं तर आतून फ्लोरो अस्तर असलेलं घ्यावं लागतं, त्याची किंमत ऐकून मी नमस्कार केला. मला हवी होती नायट्रिल रबराची तेलाची नळी. दुकानदाराला ही आणि ईपीडीएमची सारख्याच वाटत होत्या, म्हणून मी दोन्हींचे बोटभर तुकडे कापून मागितले आणि घरी जुन्या इंजिन तेलाच्या बरणीत टाकून ठेवले. आठवड्यानं काढले तर नायट्रिलचा जसाच्या तसा होता आणि ईपीडीएमचा फुगून निपलावर ढिला फिरायला लागला होता. बरणी गॅलरीत ठेवल्याबद्दल घरात जे ऐकावं लागलं, ते वेगळं.

जागा निवडताना दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. डबा जितका थंड तितकं चांगलं, कारण तेलाची वाफ थंड भिंतीवरच धरते. आणि नळ्या जितक्या आखूड तितकं चांगलं. माझ्या गाडीत टर्बो इंजिनच्या मागच्या बाजूला, फायरवॉलकडे. तिथे मोकळी जागा भरपूर होती, पण लालबुंद होणाऱ्या टर्बोच्या डोक्यावर तेलाचा डबा टांगायचा नसतो, हे सांगायला मिस्त्री लागत नाही. शेवटी पुढच्या बाजूला, बॅटरी आणि हेडलाइटच्या मधली जागा ठरली. समोरच्या जाळीतून हवा लागते, बोनेट उघडलं की काच दिसते, कॉक हाताला येतो. तीन मिलिमीटरच्या एमएस पट्टीचा ब्रॅकेट मामांनीच वाकवला आणि बॅटरी ट्रेच्या बोल्टाखाली घेतला. बॉडीला नवीन भोक पाडायचं नाही हा माझा हट्ट होता, म्हणजे उद्या काढलं तर मागमूस राहू नये.

डबा बॉडीला आणि इंजिन रबरी माउंटिंगवर. गाडी स्टार्ट-बंद करताना इंजिन केवढं डोलतं, ते बोनेट उघडं ठेवून एकदा पाहण्यासारखं आहे. नळी ताठ ठेवली तर तो झटका सरळ निपलाला बसतो. सैल ठेवली तर ती मध्ये लोंबते. लोंबली की त्या झोळात तेल-पाणी साचतं आणि वाट बंद. त्यामुळे इंजिनकडून डब्याकडे येणारी नळी सलग उताराची हवी, मध्ये कुठेही पोट नको, आणि तरी दोन बोटं ढील हवी. हे जमवायला जेवढा वेळ गेला, तेवढा बाकी कशालाच गेला नाही. एका वळणावर नळी चिमटत होती, तिथे आत तारेची स्प्रिंग सरकवली.

मूळ नळी कापली नाही. ती क्लिपसकट पिशवीत घालून डिकीत ठेवली आहे. वाटेत डब्याचं काही झालं तर जुनी नळी परत चढवायला पक्कड पुरते.

जुबली क्लिपा आवळून झाल्यावर मला इंजिन चालू करायची घाई होती. मामांना नव्हती. डब्यातून एअर पाइपकडे जाणाऱ्या नळीबद्दल ते फार काटेकोर आहेत. ती जोडणी एअर फिल्टरच्या पुढे असते. तिथे कुठे फट राहिली तर तेल गळत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते, न गाळलेली. चाकणची धूळ सरळ टर्बोच्या पंख्यावर आणि पुढे सिलिंडरमध्ये. म्हणजे तेल वाचवायला गेलो आणि बोअर घासून बसलो. एअर पाइपकडचं टोक सोडवून, दुसरं बोळ्यानं बंद करून त्यांनी सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं आणि मला नळीत फुंकायला सांगितलं. कॉकच्या आट्यांशी बुडबुडे आले. आट्यांवर टेफ्लॉनची टेप लावून परत फुंकलं, तेव्हा थांबले.

आणि मग मी माझी नळी काढली. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी, प्लायवूडच्या तुकड्यावर इंग्रजी यू आकारात ठोकलेली, मध्ये शाईचं पाणी आणि मागे शाळेची मोजपट्टी. हिचं एक टोक डिपस्टिकच्या नळीत हवा जाणार नाही असं बसवायचं, दुसरं उघडं ठेवायचं. क्रँककेसमध्ये ओढ असेल तर पाणी इंजिनच्या बाजूला चढतं, दाब असेल तर उघड्या बाजूला. मोठ्या जनरेटरच्या आणि बोटीच्या डिझेल इंजिनांचा क्रँककेस दाब मोजतात तो याच तत्त्वानं. काळजी एकच घ्यायची. नळी उंच ठेवायची, म्हणजे जोराची ओढ बसली तरी पाणी इंजिनात जाणार नाही.

डबा लावण्याआधीच मी मूळ नळीवर रीडिंग घेऊन ठेवलं होतं. आयडलला एक सेंटिमीटरच्या आसपास ओढ, मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर रेस दिल्यावर ती थोडी वाढायची, कारण एअर फिल्टरच्या पुढे टर्बो जोरात ओढतो. आता मुद्दाम डब्याला आधी जुनी १० मिलिमीटरची तोंडं अडॅप्टर घालून लावली. आयडलला काहीच फरक नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण बहुतेक लोक डबा बसवतात, आयडलला गाडी ऐकतात आणि बोनेट बंद करतात. रेस दिली आणि पाणी मधल्या रेषेवरून पलीकडे गेलं. तीन हजारावर चांगला पाच-सहा सेंटिमीटर दाब, तोही गाडी उभी असताना. खंबाटकीत भरलेली गाडी तिसऱ्या गिअरवर चढते तेव्हा किती झाला असता, याचा अंदाज मामांनी चेहऱ्यानंच दिला. एवढ्यानं सील त्याच दिवशी फुटत नाही. वर्षभरानं क्लच हाऊसिंगच्या खालून तेलाचा थेंब टपकायला लागतो आणि तेव्हा कोणाला डबा आठवत नाही. मग टर्नरनं केलेली तोंडं लावली. पाणी परत ओढीच्या बाजूला, मूळच्या जवळजवळ जागेवर. किंचित कमी, पण ओढच. मामांनी खिशातून मोबाइल काढून त्या प्लायवूडचा फोटो घेतला, आणि मला वाटतं त्या दिवशी माझी पत थोडी वाढली.

बसवल्यानंतर पहिल्या आठवड्यात मी रोज काच पाहत होतो आणि रोज ती कोरडी होती. मग हळूहळू तळाशी तपकिरी रेष दिसायला लागली. उन्हाळ्यात, लांबच्या प्रवासांनंतर निघालं ते जवळजवळ शुद्ध तेल, काळपट आणि डिझेलचा वास मारणारं. पाच हजार किलोमीटरला साधारण चहाचा लहान कप भरेल इतकं. पावसाळ्यात चित्र बदललं. त्यातही घर-कंपनी-घर अशा छोट्या फेऱ्यांत निघायचा तो दुधाळ, पिवळसर चिकटा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हेड गॅस्केट जाऊन कूलंट तेलात मिसळलं की काय, असं वाटलं. कूलंटची पातळी पाहिली, जागच्या जागी होती. मामांनी जुना लोखंडी तवा गॅसच्या शेगडीवर तापवला आणि त्यावर एक थेंब टाकला. तडतडला. म्हणजे पाणी. मग डिपस्टिकवरचा थेंब टाकला, तो शांतपणे पसरला. इंजिनातलं तेल कोरडं होतं. पाणी होतं ते वाफेचं, ताटावरच्या झाकणाला आतून धरतं तसं थंड डब्यात धरलेलं. इंधन जळलं की पाणी तयार होतंच, त्यातलं थोडं रिंगांवरून खाली उतरतं. इंजिन पुरतं गरम झालं तर ते उडून जातं, छोट्या फेरीत राहून जातं.

निघालेलं तेल परत इंजिनात ओतायचं नाही. त्यात पाणी, न जळलेलं डिझेल आणि आम्ल असतं. माझं तेल मामांच्या जुन्या तेलाच्या पिंपात जातं.

डबा भरू द्यायचा नाही, हे मात्र जिवावरचं आहे. पेट्रोल गाडी हवा अडवून आवरता येते. डिझेल इंजिन आवरतं ते फक्त इंधन तोडून. भरलेल्या डब्यातलं तेल टर्बोनं ओढलं, तर तेच इंधन होतं. चावी फिरवून पंप बंद केला तरी इंजिन आपलंच तेल पीत रेस घेत राहतं, फुटेपर्यंत. अशा वेळी मॅन्युअल गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून धरून, क्लच सोडून बंद पाडायची, किंवा हवेची वाट जाड फळीनं बंद करायची, हातानं नाही. असं क्वचितच होतं, पण मी पेट्रोल पंपावर टायरमधली हवा तपासतो तेव्हा काचही पाहतो. आणि कोणी हा डबा घेऊन डिसेंबरात स्पितीला निघाला असेल, तर त्यानं तो काढूनच जावं. त्यातलं पाणी गोठलं की वाट बंद, आणि मग दाब वाढून सील ढकललं जाणं आलंच.

फरक काय पडला, असं जो तो विचारतो. अॅव्हरेज होतं तेच आहे. पिकअपही तोच. ज्यांना डबा लावल्या लावल्या गाडी हलकी वाटते, त्यांच्या आनंदावर मला विरजण घालायचं नाही. माझ्याकडे दाखवण्यासारखा पुरावा एकच आहे. बसवताना इंटरकूलरचा पाइप आणि खालचं वाकण डिझेलनं धुऊन कोरडं केलं होतं. पुढच्या सर्व्हिसिंगला परत उघडलं तर वाकणात साठा नव्हता, आतून पातळ थर होता. थर येणारच, कारण डब्याच्या तापमानाला जी वाफ धरत नाही ती पुढे जाते, आणि टर्बोच्या सीलमधूनही थोडं येतं. मॅनिफोल्डमधला जुना थर जागेवरच आहे. डबा तो विरघळवत नाही. तो एकदा उतरवून साफ करायचा आहे, पैसे जमले की.

कायद्याचं एवढंच सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधन घालतं आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ कडक लावला आहे. माझ्या डब्यातून काहीही बाहेर सोडलं जात नाही, वायू पूर्वीसारखाच परत इंजिनात जातो. पण गाडी वॉरंटीत असती तर मी पान्याला हात लावला नसता. डब्याच्या वर छोटा फिल्टर लावून वायू बाहेर सोडणारे जुगाडही दिसतात. बोनेटखाली आणि एसीतून केबिनमध्ये तोच वास, शिवाय प्रदूषण. त्यापेक्षा डबा नसलेला बरा.

शेजारच्यांच्या साध्या पेट्रोल गाडीला मी नको म्हटलं. तिच्यात पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागेच फवारलं जातं, ते व्हॉल्व्ह आपोआप धुऊन काढतं. ऑफिसातल्या एकाची थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारी टर्बो गाडी आहे. तिचे व्हॉल्व्ह कोणी धूत नाही, त्याला मी घे म्हटलं, पण तोंड मोजून घे.

मामांनी मात्र माझ्या गाडीवरून कल्पना उचलली. त्यांच्याकडे भाजीचा एक टेम्पो येतो, मार्केट यार्डला पहाटे माल टाकणारा. त्याच्या एअर पाइपमधून तेल टपकत होतं आणि मालकाला इंजिनकाम टाळायचं होतं. "तसला डबा बसवून द्या की," म्हणून तो हटून बसला. मामांनी गाडी गरम केली, झाकण उलटं ठेवलं. झाकण उडालं ते सरळ फॅन बेल्टच्या मागे. तरीही मालक ऐकेना, म्हणून एक डबा बांधून दिला, मोठ्या तोंडाचा. चार दिवसांत तो काठोकाठ भरून परत आला. आता टेम्पोचं हेड टेबलावर आहे, ब्लॉक बोअरिंगला गेलाय, आणि मालक रोज फोन करून विचारतो की डब्याचे पैसे बिलातून वजा होणार का.